नावे, धंदे आणि कष्टकऱ्यांची वंशावळ

(रायपूर येथील मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘आपले पूर्वज कोण?’ हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. लग्नाची बोलणी, श्राद्धपक्ष किंवा जमिनीची वाटणी एवढ्यापुरताच तो उपस्थित होतो अशी समजूत आहे. परंतु जात प्रमाणपत्रासाठी तहसील कचेरीत उभ्या असलेल्या शेतमजुराच्या मुलाला विचारले, तर तो वेगळे सांगेल. त्याला आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, त्यांचे गाव, त्यांची जात आणि या साऱ्याचा जुना कागद दाखवावा लागतो. कागद असेल तर त्याचा पूर्वज होता. नसेल तर कचेरीच्या लेखी तो नव्हताच. म्हणून कागद नसलेल्या माणसांचा इतिहास नेमका कोठे नोंदला गेला, तो कसा वाचावा आणि त्या वाचनाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार कार्यकर्त्यांनी करणे आवश्यक झाले आहे.

वंशावळी कोणाच्या लिहिल्या गेल्या?

रायपुरातील मराठी माणसाने हा विचार स्वतःच्या घरापासून सुरू करणे सोयीचे आहे. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्कर राम कोल्हटकर रतनपूरवर चालून आला आणि तेथील हैहयवंशी राजे भोसल्यांचे अंकित झाले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे सुभेदार आले. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. या शतकभरात फौज आणि दप्तर यांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे येथे आली. रायपूरच्या ‘तात्यापारा’ या वस्तीच्या नावात ते मराठी संबोधन आजही ऐकू येते.

मराठी राज्यकारभारातून जी आडनावे रूढ झाली, ती पाहावीत : देशपांडे, कुलकर्णी, फडणवीस, चिटणीस, पोतदार, पंढरीपांडे. यांतले प्रत्येक नाव हे मुळात एक पद आहे. परगण्याचा हिशेब, गावाचा हिशेब, फडाचे दप्तर, पत्रव्यवहार, नाण्यांची पारख अशी ही कामाची वाटणी. शेवटचे नाव विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मराठी खेड्यात ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. शेती न करणाऱ्या लोकांवर भोसल्यांच्या राज्यात ‘पंढरी’ नावाचा कर होता आणि इंग्रजी अमलातही तो बराच काळ चालू राहिला. सरकारी वसुलीची अशी साखळी आडनावांच्या रूपाने कुटुंबांना चिकटून राहिली. तिला वतन होते, सनद होती, म्हणून वंशावळ होती. वतनाचा वारसा सिद्ध करण्यासाठी वंशावळ लिहून ठेवणे भागच होते.

तीर्थक्षेत्रांतील वह्यांची गोष्टही याहून निराळी नाही. प्रयाग आणि गया येथील पंड्यांच्या बह्या, नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी हा कुलवृत्तान्ताचा मोठा साठा आहे. गाव आणि जात सांगितली की पिढ्यान् पिढ्यांची नावे तेथे निघतात. तथापि त्या वहीत नाव चढण्यासाठी यात्रेचा खर्च झेपला पाहिजे, दक्षिणा दिली पाहिजे आणि मुळात उपाध्यायाने यजमान म्हणून स्वीकारले पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या जातींना ते दार बंद होते. ज्याने जमीन नांगरली, वसूल भरला आणि दप्तराची बैलगाडी हाकली, त्याचे नाव ना सनदेत आले, ना बहीत.

मग त्याचा इतिहास कोठे शोधायचा? पहिले उत्तर असे : खुद्द त्याच्या नावात.

नाव ही दुष्काळाची नोंदवही

छत्तीसगडच्या कोणत्याही जुन्या गावात वडीलधाऱ्यांची नावे विचारावीत. इतवारी, समारू, मंगलू, बुधारू ही वारांवरून पडलेली नावे मिळतील. फागू, चैतू, जेठू ही महिन्यांवरून पडलेली मिळतील. तीज सणावरून तीजन. ज्या घरात पंचांग नव्हते आणि जन्मनोंद नव्हती, त्या घराने मुलाच्या नावातच त्याची जन्मवेळ साठवून ठेवली.

याच्या पुढची नावे अधिक बोलकी आहेत. सुगीच्या चांगल्या वर्षी जन्मला तो सुकालू. दुष्काळात जन्मला तो दुकालू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगड होरपळून निघाला. १८९१ ते १९०१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान साऱ्या मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. एखाद्या कुटुंबात पणजोबांचे नाव दुकालू असेल आणि पिढ्यांचा हिशेब त्याच सुमारास येऊन पोहोचत असेल, तर त्या माणसाचा जन्म याच वर्षांपैकी एखाद्या वर्षी झाला असावा, असे अनुमान सयुक्तिक ठरते. दुष्काळ पुढेही पडले, म्हणून एका नावावर विसंबून राहता येत नाही. भावंडांची नावे, मोठ्या मुलाचे वय, गाव सोडल्याची आठवण यांच्याशी ते ताडून पाहावे लागते.

नावांचा आणखी एक वर्ग आहे. बिसाहू म्हणजे ‘विकत घेतलेला’. आधीची मुले दगावलेली असली की नवे मूल नाममात्र किमतीला दुसऱ्याला विकून परत घ्यायचे, म्हणजे मृत्यूला ते या घरचे वाटणार नाही, ही त्यामागची समजूत. घुरवा म्हणजे उकिरडा. त्यावरूनही मुलांची नावे पडली. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे याच भीतीतून आली आहेत. दगड चिरून जात नाही, केर कोणी चोरीत नाही आणि भीक मागून आणलेले मूल देव पुन्हा मागत नाही. ज्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी पाच वर्षांची होण्याआधीच जात होती, त्या काळाचा बालमृत्यूचा आलेख या नावांनी काढून ठेवला आहे.

सर्वच नावांमागे माया नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ‘नकुशा’ म्हणजे नको असलेली मुलगी. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी पुढाकाराने अशा अडीचशेहून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. नाव बदलले हे योग्यच झाले. पण त्या नावाने नोंदलेली गोष्ट मात्र इतिहासातून पुसता येणार नाही.

माहेरचे गाव

वंशावळीच्या वृक्षात सहसा बापाची फांदी दिसते, आईची दिसत नाही. मराठी घरात लग्नानंतर मुलीचे आडनाव आणि अनेकदा पाळण्यातले नावही बदलत असे. तिचे माहेर दोन पिढ्यांत विस्मृतीत जाई. छत्तीसगडच्या खेड्यात याबाबत एक निराळी रीत आहे. सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. रायपूरची मुलगी सासरी ‘रायपुरहिन’ होते, दुर्गची ‘दुर्गहिन’. तिचे स्वतःचे नाव मागे पडते, हा तिच्यावरील अन्याय खराच. परंतु आजीला गावात काय म्हणत, एवढे आठवले तरी तिचे माहेर कळते आणि आईच्या बाजूचा माग लागतो. कागदावर कोठेही नसलेली ही नोंद केवळ तोंडातोंडी टिकली आहे. ती सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया गेल्या की तीही जाईल. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालणे बंधनकारक केले. पुढच्या पिढ्यांना त्याचा उपयोग होईल. मागच्यांसाठी मात्र विचारपूस हाच मार्ग उरतो.

धंदा : ओळख आणि बेडी

दुसरा धागा धंद्याचा. तेली, राऊत, केवट, लोहार, कुंभार, कोष्टा, धोबी ही छत्तीसगडच्या खेड्याची रचना महाराष्ट्रातील बलुतेदारीची आठवण करून देते. धंदा जन्माने ठरे, जात धंद्याने ओळखली जाई आणि मोबदला धान्याच्या रूपाने, ठरावीक मापाने मिळे. अशा समाजात पूर्वजांचा धंदा शोधणे सोपे वाटते. प्रत्यक्षात तेथेच सर्वांत मोठी गफलत होते.

सतनामींचे उदाहरण घ्यावे. गुरू घासीदास १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मले. त्यांनी सतनामचा उपदेश केला, मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारला. हजारो कष्टकरी त्यांच्या पंथात आले. हे लोक बव्हंशी शेती करणारे होते, नांगर धरणारे कुळ किंवा शेतमजूर होते. तरीही सरकारी कागदात त्यांच्यापुढे चामड्याच्या धंद्याचा आणि अवहेलनेचा जातवाचक शब्दच लिहिला जाई. म्हणजे धंदा एक आणि धंद्याचे नाव दुसरे! सतनामी नेत्यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १९२६ साली मध्य प्रांताच्या सरकारने कागदोपत्री ‘सतनामी’ हा शब्द वापरण्यास मान्यता दिली. जुन्या दप्तरात आजोबांच्या नावापुढे एक शब्द आणि वडिलांच्या नावापुढे दुसरा दिसला, तर त्यामागे एक लढा आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

महानदीच्या काठावरील रामनामींनी तर नाव अंगावरच लिहून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परसुराम यांच्यापासून ही परंपरा सांगितली जाते. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांनी सर्वांगावर रामनाम गोंदवले.

विसाव्या शतकात इतर कष्टकरी जातींनीही आडनावे बदलली. तेली साहू झाले, राऊत यादव झाले, केवट निषाद झाले, कोष्टा देवांगन झाले, पनका मानिकपुरी झाले, धोबी निर्मलकर झाले. शाळेच्या पटावर आणि कारखान्याच्या हजेरीपटावर मानाने उभे राहण्याची ही धडपड होती. महाराष्ट्रात गावावरून ‘कर’ लावलेल्या आडनावांनीही जात आणि धंदा काहीसा झाकला. मात्र एका आडनावावरून कुळ ठरवणे धोक्याचे आहे. छत्तीसगडमध्ये ‘ठाकूर’ हे आडनाव राजपूत लावतात, गोंड लावतात आणि न्हावीही लावतात. ‘बघेल’ सतनामींत आहेत आणि कुर्मींतही आहेत. गोंडांमध्ये आडनावापेक्षा किती देवांचे कुळ, चार, पाच, सहा की सात, हा प्रश्न अधिक निर्णायक असतो. कारण सोयरीक त्यावरून जुळते किंवा मोडते.

गाव सोडून गेलेल्यांचा माग काढतानाही धंद्याची नावे उपयोगी पडतात. दुष्काळाच्या वर्षांत अरकाट्यांनी म्हणजे मजूरभरतीच्या दलालांनी छत्तीसगडची माणसे आसामच्या चहाच्या मळ्यांत नेली. तेथे आजही तेली, तांती, पनिका, सतनामी ही आडनावे आढळतात. विणकर किंवा तेली असलेला पूर्वज चहाची पाने खुडू लागला. जुना धंदा केवळ आडनावात उरला. पुढे लोकसभेच्या सदस्य झालेल्या आणि १९७२ च्या विमान अपघातात मृत्यू पावलेल्या मिनीमाता यांचा जन्म अशाच एका स्थलांतरित कुटुंबात आसाममध्ये झाला होता. ज्या मळे-मजुरांना मूळ प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींचे स्थान आहे, त्यांना आसामात ते नाही. तेथे त्यांची गणना इतर मागासवर्गीयांत होते. माणूस तोच, पूर्वज तेच, राज्याची सीमा ओलांडताच हक्क बदलला.

मिसल आणि मात्रा

आता कचेरीकडे वळले पाहिजे. छत्तीसगडमध्ये जात प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९८४ पूर्वीचा रहिवास आणि जात दाखवावी लागते. त्यासाठी ज्या कागदावर सर्वांची भिस्त असते, तो ‘मिसल’, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील जमीन बंदोबस्ताचे अभिलेख. त्यात कुळाचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव नोंदलेले असते. परंतु मिसल ही जमिनीची नोंद आहे. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो मालगुजाराकडे सौंजिया म्हणून राबला किंवा गाव सोडून मळ्यावर गेला, त्याचे नाव तेथे सापडणार कसे? सर्वांत वंचित माणसालाच आपले वंचितपण सिद्ध करणे सर्वांत कठीण जाते, ही या व्यवस्थेतील मूळ विसंगती आहे.

नाव सापडले तरी काम संपत नाही. कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी इंग्रजीत किंवा हिंदीत जसे ऐकले तसे लिहिले. एखादी मात्रा इकडची तिकडे झाली. त्या मात्रेपायी पिढ्या अडकून पडल्या. २०२३ मध्ये संसदेने छत्तीसगडच्या अनुसूचित जमातींच्या यादीत धनुहार, धनुवार, किसान, सौंरा, बिंझिया ही नावे घातली, भारिया भूमियाला भुईंया-भुईयां-भुयां हे पर्याय जोडले आणि पंडो जमातीच्या नावाची देवनागरीतील निरनिराळी रूपे मान्य केली. त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या यादीत महार, मेहरा यांच्या जोडीला महारा आणि महरा ही रूपे आली. एका अक्षरासाठी संसदेत कायदा करावा लागला, यावरून त्या अक्षराची किंमत कळते.

नाव आणि धंदा यांची गाठ किती बिकट असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण छत्तीसगड आणि विदर्भ यांना जोडणारे आहे. हलबा ही बस्तर, कांकेर, रायपूर ते भंडारा-गडचिरोली या पट्ट्यातील जमात. नागपूर आणि विदर्भातील विणकरांचा एक मोठा समाज स्वतःला हलबा-कोष्टी म्हणवतो. त्यांचे म्हणणे असे की, कोष्टी हा धंदा आहे आणि हलबा ही जमात. पूर्वजांनी माग हाती घेतला म्हणून वंश बदलत नाही. उलट बाजूने म्हटले जाते की, कोष्टी ही स्वतंत्र जात आहे आणि जंगलपट्ट्यातील हलबांच्या वाट्याच्या जागा त्यामुळे घटतात. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचावी लागेल. तीत हलबा आहे, हलबा-कोष्टी नाही, आणि पुरावे घेऊन तिचा अर्थ विस्तारण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. तोवर अंतिम झालेल्या प्रवेश-नेमणुकांना मात्र त्याने संरक्षण दिले. २०१७ च्या दुसऱ्या निकालाने अवैध ठरलेल्या दाव्यांवरील लाभ टिकणार नाहीत असे सांगितले आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केले.

या वादात दोन्ही बाजूंना कष्टकरी आहेत, हे विसरता कामा नये. एकीकडे यंत्रमागाने धंदा बुडालेला विणकर, दुसरीकडे शाळा-दवाखान्यापासून दूर राहिलेला आदिवासी. नोकऱ्या आणि जागा कमी असल्या की दोन वंचित समाज एकमेकांच्या पूर्वजांची उलटतपासणी करू लागतात. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने मोडी लिपीतील दप्तरे धुंडाळली, तेव्हाही हाच ताण गावोगाव जाणवला. शेतीतली मिळकत आणि रोजगार आटला नसता, तर मोडी दप्तरांना एवढी गर्दी लोटली नसती.

शोध कसा घ्यावा?

कार्यकर्त्यांच्या हाती काय आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे.

पहिले काम विचारपुशीचे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून, विशेषतः स्त्रियांकडून, नावे लिहून घ्यावीत : बोलण्यातले नाव आणि कागदावरचे नाव, दोन्ही. समारूचे शाळेत ‘सोमवारसिंह’ झाले असेल, तर ती जोडी आज लिहून ठेवली नाही तर उद्या दोन वेगळी माणसे ठरतील. कोणते दैवत, कोणत्या गावातून आले, धान्य कोणाकडून मिळे, मितान कोणाच्या घरी होता, हेही विचारावे. मितान म्हणजे विधीपूर्वक मानलेला मित्र. तो पुष्कळदा दुसऱ्या जातीचा असतो आणि त्याच्या घरात या घराची आठवण जपलेली असते.

दुसरे काम कागदांचे. मिसलमध्ये नाव नसेल तर कोटवाराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जुन्या मतदारयाद्या पाहाव्यात. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, हे लक्षात ठेवून नागपूरच्या दप्तरांकडेही वळावे. तेथे मराठी जाणणाऱ्या साथींचा विशेष उपयोग होईल. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा १९१६ चा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ संदर्भासाठी चांगला आहे. मात्र तो राज्यकर्त्यांच्या गरजेतून आणि नजरेतून लिहिला गेला आहे, याचे भान सुटू नये.

तिसरे काम ग्रामसभेचे. लेखी पुरावा नसल्यास ग्रामसभेच्या ठरावाचा आधार घेण्याची तरतूद छत्तीसगडच्या नियमांत आहे. अनेक गावांत ती कोणाला ठाऊकच नसते. ठराव वेळेवर मांडणे, त्याची नक्कल मिळवणे आणि कचेरीत ती स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करणे, हे शाखेने करण्यासारखे काम आहे.

हे सारे करताना एक पथ्य पाळावे. पूर्वजांच्या शोधात रक्ताची शुद्धता किंवा एखाद्या राजघराण्याशी नाते सापडेल, या आशेने जाणारे अनेक असतात. त्यांना हवे ते सांगणारेही भेटतात. कष्टकऱ्यांच्या वंशावळीत मिळते ते वेगळेच : कोणत्या वर्षी पीक बुडाले, कोणते मूल वाचले, कोणी गाव सोडले, कोणता अपमानाचा शब्द कोणी कागदावरून खोडून काढला. दुकालूचा नातू आज रायपूरच्या कारखान्यात कामाला असेल आणि त्याला आजोबांच्या नावाची लाज वाटत असेल. त्या नावाचा अर्थ त्याला समजावून सांगावा आणि त्याच बैठकीत त्याच्या मुलीच्या प्रमाणपत्राचा अर्जही भरून द्यावा.